बडोद्याहून कोकण आणि सह्याद्री, हिवाळ्यात स्वतःच्या गाडीने: आखणी कोणत्या क्रमाने करावी

बडोदा ते रत्नागिरी सुमारे साडेसातशे किलोमीटर. आपल्याकडे हा आकडा ऐकला की लगेच हिशोब होतो: पहाटे निघू, रात्री मुंबईच्या अलीकडे कुठेतरी झोपू, दुसऱ्या दिवशी जेवायला रत्नागिरी. मग मंडळी दुसऱ्या रात्री अकरा वाजता, अनोळखी घाटातून, मागे मुलं रडत आणि आजींना मळमळत, कशीबशी मुक्कामाला पोचतात. दर हिवाळ्यात आमच्या दांडिया बाजारातल्या ओळखीच्या दोन-तीन घरांचं तरी असं होतं. आमचंही पहिल्या वेळी झालं. आम्ही दाभोळच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची फेरीबोट निघून गेली होती. समोरच्या काठावरून गुहागर विसेक किलोमीटर, पण आम्हाला चिपळूणमार्गे शंभरावर किलोमीटर फिरून जावं लागलं, तेही पूर्ण अंधारात. सासूबाई वाटभर एक शब्द बोलल्या नाहीत. ती रात्र माझ्या नियोजनामुळे आली होती, म्हणून तेव्हापासून मी क्रम बदलला. तोच इथे सविस्तर देते.

चूक साधारण एकच असते. बडोद्याचे लोक सपाट, रुंद रस्त्यांच्या सवयीने किलोमीटर मोजतात. घाटात आणि खाडीकाठी उजेडाचे तास मोजावे लागतात. आधी हॉटेल आणि मग रस्ता असं ठरवलं की सगळं उलटं होतं. आधी दिवस, मग घाट, मग खाड्या आणि भरती-ओहोटी, आणि मुक्काम सगळ्यांत शेवटी.

१. तारखा: आधी कोणते दिवस टाळायचे ते ठरवा

२४ डिसेंबर ते २ जानेवारी कोकणात जाऊ नका. या दिवसांत खोल्यांचे दर चढलेले असतात. त्याहून वाईट म्हणजे फेरीबोटीच्या रांगा आणि गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवरची कोंडी. एरवी दोन तासांचा प्रवास पाच तासांवर जातो. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली तर तेही दिवस सोडा.

दुसरी अडचण खास आपली, उत्तरायणाची, म्हणजे पतंगांच्या सणाची. १४ आणि १५ जानेवारीला घरातलं कोणीच बडोदं सोडायला तयार नसतं, आणि सोडूही नये. म्हणून माझ्या हिशोबाने दोनच खिडक्या उरतात: डिसेंबरचे पहिले तीन आठवडे, किंवा १६ जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य. दुसरी मला जास्त आवडते. पाहुणे परतलेले असतात, घरगुती मुक्काम चालवणाऱ्यांना बोलायला वेळ असतो, आणि आंब्याला मोहोर आलेला असतो.

मुलांच्या शाळेचा प्रश्न येतो, म्हणून बरेच जण दिवाळीच्या सुट्टीत जातात. तेव्हा गर्दी अफाट असते आणि ऑक्टोबरचा उकाडा पुरता गेलेला नसतो. चार-पाच दिवसांची रजा मागून जानेवारीत जाणं केव्हाही चांगलं.

*तपासा: जायच्या दिवसांत वाटेत कुठे मोठी जत्रा किंवा अंगारकी चतुर्थी येते का ते कॅलेंडरवर बघा. अंगारकीला गणपतीपुळ्यात मुक्कामाचा हट्ट धरू नका.*

२. हातात किती दिवस आहेत, त्यावर किती लांब जायचं ते ठरवा

इथे मन घट्ट करावं लागतं.

चार दिवस असतील तर रत्नागिरीचा विचार सोडून द्या. डहाणू-जव्हार-सापुतारा असं वर्तुळ करा. पहिल्या दिवशी वापीवरून बोर्डी किंवा डहाणू. हे अंतर २८० ते ३०० किलोमीटर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळ समुद्रावर, दुपारी जव्हार. तिसऱ्या दिवशी मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वर, नाशिक आणि संध्याकाळच्या आत सापुतारा. चौथ्या दिवशी वघई-वांसदा-चिखलीमार्गे घर. समुद्र आणि डोंगर दोन्ही होतात, रोजची गाडी पाच-सात तासांच्या आत राहते, आणि कोणी थकून आजारी पडत नाही. ज्यांनी घाटात कधी गाडी चालवली नाही त्यांनी पहिली सहल हीच करावी असं माझं ठाम मत आहे.

दहा-अकरा दिवस असतील तरच खरं कोकण. आमचा नेहमीचा आराखडा असा:

- पहिला दिवस: बडोदा ते सापुतारा, सुमारे ३०० किलोमीटर
- दुसरा: सापुतारा, नाशिक, नारायणगाव
- तिसरा: पुणे ओलांडून पिरंगुट-मुळशीकडे मुक्काम, दुपारचं जेवण पुण्यातल्या नातेवाइकांकडे
- चौथा: ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन
- पाचवा: हरिहरेश्वर, बागमांडला-वेशवी फेरी, केळशी, आंजर्ले, दापोलीजवळचं मुरूड
- सहावा: दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर
- सातवा: हेदवी, तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळे
- आठवा: गाडी बंद. पूर्ण विश्रांती
- नववा: रत्नागिरी, आंबा घाट, कोल्हापूर
- दहावा आणि अकरावा: कोल्हापूर, नाशिक, बडोदा

आठव्या दिवसाला हात लावू नका. "तेवढ्यात मालवण करून येऊ" असं कोणीतरी म्हणतंच. मालवण हवं असेल तर तेरा दिवस काढा.

सात-आठ दिवस असतील तर गुहागरपर्यंत जा आणि चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडला चढा. दक्षिणेचा अर्धा भाग पुढच्या वर्षी.

३. रोजच्या उजेडाचा हिशोब मांडा

डिसेंबरअखेर कोकणात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या पुढेमागे मावळतो. म्हणजे उजेड साधारण अकरा तास. त्यातून नाश्ता, जेवण, चहा, फेरीची वाट आणि मुळात ज्यासाठी गेलो ते पाहणं वजा करा. गाडी चालवायला पाच तास उरतात, फार तर सहा.

आता वेग. चौपदरी महामार्गावर थांबे धरून ताशी ६०. राज्य मार्गावर ४०. घाटात आणि किनाऱ्याच्या वाडीरस्त्यांवर २५ ते ३०, याहून जास्त कधीच धरू नका. मोबाइलवरचा नकाशा वेळ कमी दाखवतो. समोरून एसटी आली की मागे सरकून तिला वाट द्यावी लागते, हे त्याच्या हिशोबात नसतं.

उदाहरण घ्या. गुहागर ते गणपतीपुळे, तवसाळच्या फेरीने, सुमारे ६० किलोमीटर. बडोद्याच्या सवयीने हा तासाभराचा रस्ता वाटतो. खरा हिशोब असा: गाडी सव्वादोन तास, फेरीची वाट आणि खाडी मिळून पाऊण तास, वेळणेश्वर आणि हेदवीला मिळून दीड तास, चहा-जेवणाचा एक तास. साडेपाच तास झाले. सकाळी नऊला निघालात तर अडीचला पोचाल, आणि तो दिवस उत्तम जाईल. एक वाजता निघालात तर सूर्यास्त गाडीतूनच बघाल.

*तपासा: कोकणातल्या प्रत्येक दिवसासमोर गाडी चालवायच्या तासांची बेरीज लिहा. सहा तासांच्या पुढे गेलेला दिवस मोडून दोन करा. "लवकर उठू" हा उपाय धरू नका. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असली की तो तिसऱ्या दिवशी कोलमडतो.*

४. घाट निवडा, आणि कोणत्या वेळी चढायचा-उतरायचा ते ठरवा

आपण पश्चिमेला उतरतो आणि पूर्वेला चढतो. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, त्यामुळे दुपारी चारनंतर कोकणात उतरणाऱ्याच्या थेट डोळ्यांत ऊन येतं आणि वळणावरचं समोरचं वाहन दिसत नाही. सकाळी पूर्वेला चढणाऱ्याची तीच गत. म्हणून नियम सोपा: घाट सकाळी उतरायचा, दुपारी चढायचा. सकाळी उतरताना सूर्य पाठीशी, दुपारी चढतानाही पाठीशी. तिसऱ्या दिवशीचा मुक्काम पुण्यात न ठेवता मुळशीकडे ठेवायचं कारण हेच. सकाळी उठलं की ताम्हिणी समोर, पुण्याच्या रहदारीत दोन तास जात नाहीत.

मात्र फार सकाळीही नको. सापुतारा, महाबळेश्वर, आंबोली इथे हिवाळ्यात पहाटे धुकं उतरतं. साडेआठ-नऊपर्यंत थांबा. धुक्यात अडकलातच तर हेडलाइट खालच्या झोतावर ठेवा. वरचा झोत धुक्यावरून परत आपल्याच डोळ्यांवर येतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा यांतूनच निवडावं. वरंध आणि आंबेनळी देखणे आहेत, पण अरुंद आहेत. हात बसल्यावर जा. आंबा घाटाच्या रस्त्यावर आणि मुंबई-गोवा महामार्गावर रुंदीकरणाची कामं बरीच वर्षं चाललेली आहेत, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून "रस्ता कसा आहे, कुठे वळवलाय का" हे विचारा. तिथल्या माणसाला जे माहीत असतं ते नकाशावर नसतं.

उतरताना गाडी कशी हाताळायची, हे बडोद्यात शिकायला मिळत नाही. ड्रायव्हिंग स्कूलने आम्हाला फार तर पुलाचा चढ दाखवला. म्हणून नीट वाचा:

- जो उतार आहे तोच चढ असता तर जो गिअर लावला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. बहुतेक ठिकाणी दुसरा.
- पाय सतत ब्रेकवर ठेवू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक धरत नाही.
- ऑटोमॅटिक गाडी असेल तर डी वर उतरू नका. खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय कुठे आहे ते घरीच पुस्तिकेत शोधा.
- इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये कधीही उतरू नका. इंजिन बंद झालं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.
- चढणाऱ्याला आधी वाट द्या. अरुंद जागी थांबायचं ते उतरणाऱ्याने.
- आंधळ्या वळणावर हॉर्न, आणि आपली बाजू सोडून इंचभरही बाहेर नाही.

*सावध: करपल्यासारखा वास आला तर ते ब्रेक आहेत. मोकळी जागा बघून थांबा, वीस-पंचवीस मिनिटं निवू द्या. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते.*

५. खाड्या आणि भरती-ओहोटी

सागरी रस्त्याने जायचं तर फेरीबोटी टाळता येत नाहीत, आणि टाळूही नयेत. बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या तिन्ही ठिकाणी गाडीसकट पलीकडे जाता येतं. अलिबाग-मुरूड जंजिऱ्याकडून येणाऱ्यांना आगरदांडा-दिघी ही चौथी. प्रत्यक्ष खाडी ओलांडायला थोडीच मिनिटं लागतात. वेळ जातो तो रांगेत.

आमच्या घरी आता कायदा आहे: फेरीच्या धक्क्यावर दुपारी चारच्या आत. वेळापत्रक बदलतं, बोट दुरुस्तीला जाते, शनिवार-रविवारी दोन फेऱ्या थांबावं लागतं. आदल्या रात्री यजमानांना विचारून ठेवा. दाभोळच्या त्या रात्रीनंतर गुहागरच्या ज्या काकूंकडे आम्ही उतरलो, त्या मला म्हणाल्या, "अगो बाय, धक्क्यावरनं एक फोन करायचास, आम्ही तिथंच दाभोळात कुणाकडे तरी सोय केली असती." अनोळखी अंधारात शंभर किलोमीटर जाण्यापेक्षा अलीकडच्या काठावर राहणं शहाणपणाचं, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

बोटीवर चढताना बाकीच्यांना उतरवून चालत न्या, गाडीत फक्त चालक. बोटीवरचे लोक सांगतील तसंच लावा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा.

आता भरती-ओहोटी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून, थेट समुद्राला लागून जाते, आणि ती फक्त ओहोटीत करायची असते. लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. म्हणून त्या दिवशीची ओहोटी किती वाजता, हे घरूनच काढा. किनाऱ्यावरच्या लोकांची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. पहाटेही आणि दुपारीही. त्याच्या सहा तास पुढे-मागे, नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथी शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच, प्रतिपदेपासून पुन्हा सुरुवात. यात तासाभराचा फरक पडू शकतो: दक्षिणेकडे भरती जरा आधी येते, डहाणूकडे जरा उशिरा. म्हणून हा हिशोब दिवस आखायला वापरा, आणि पाय ठेवण्याआधी देवळाजवळच्या दुकानदाराला विचारा. तो नको म्हणाला तर नको.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त वर येतं आणि जास्त खाली जातं.

*सावध: गाडी वाळूवर उतरवू नका. ओहोटीत वाळू फरशीसारखी कडक दिसते, पण थांबलेल्या गाडीची चाकं पाण्याजवळ हळूहळू रुततात, आणि मग भरती थांबत नाही. शिवाय आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर याच हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात.*

*सावध: गणपतीपुळ्याचा समुद्र शांत दिसतो, पण तळ एकदम खोल होतो. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका, मुलांचा हात सोडू नका.*

६. आता मुक्काम ठरवा

इथपर्यंत येऊन दिवस पक्के झाले असतील तरच फोन लावा. कोकणात घरगुती मुक्काम घ्या. फोटो बघून पैसे भरण्याऐवजी फोनवर पाच गोष्टी विचारा:

"गाडी अंगणापर्यंत येते, की पाखाडी आहे?" पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाची, पायऱ्यांची उतरती वाट. पाखाडी असेल तर गाडी वर रस्त्यालाच राहते आणि सामान हाताने खाली न्यावं लागतं. सत्तरीच्या आईंना घेऊन जाणाऱ्याला हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा.

"संडास कमोडचा आहे का, आणि खोलीलाच लागून आहे का?" संकोच करू नका.

"जेवण किती वाजेपर्यंत सांगावं लागेल?" घरगुती ठिकाणी माणसं मोजून स्वयंपाक होतो. सकाळी अकरापर्यंत सांगितलं नाही तर दुपारी पान मिळेलच असं नाही. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. आपल्यातले बरेच जण शाकाहारी. वेगळ्या भांड्यांचा आग्रह असेल तर तेही आधीच स्पष्ट बोला, पोचल्यावर तोंडं वाकडी करू नका.

"वीज गेली तर काय सोय आहे?"

"तुमच्या घरात कोणत्या कंपनीचं नेटवर्क येतं?"

कोल्हापूर आणि नाशिकला शहरात न शिरता महामार्गालगत रहा. परतीच्या दिवसांत कोणालाही काही बघायचं नसतं.

७. गाडी

निघायच्या दहा दिवस आधी दाखवा, आदल्या दिवशी नाही. एखादा भाग बदलायला लागला तर तो मागवायला वेळ हवा. मेकॅनिकला "सर्व्हिसिंग करा" म्हणू नका. "ब्रेक पॅड किती उरलेत, ब्रेक ऑइल कधी बदललं, क्लच घाटात टिकेल का, कूलंट पुरेसं आहे का" असं एकेक विचारा. स्टेपनीत हवा भरून घ्या. दहातल्या आठ गाड्यांची स्टेपनी बसलेली असते. जॅक आणि पाना जागेवर आहेत का बघा, आणि घराच्या आवारात एकदा चाक बदलून पाहा.

सीएनजीवाल्यांनी हे विशेष वाचा. गुजरातेत पावलोपावली पंप असल्यामुळे आपल्याला त्याची काळजी करायची सवयच नाही. कोकणच्या किनाऱ्याच्या रस्त्याला ती भिस्त ठेवू नका. पेट्रोलची टाकी भरून ठेवा आणि अर्धी झाली की पुन्हा भरा. घाट पेट्रोलवर चढा, ताकद जास्त मिळते. सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे का ते त्याच्या पट्टीवर वाचा, मुदत संपलेली असेल तर पंपावर गॅस मिळत नाही. आणि डिकीत सिलिंडर असल्यामुळे बॅगा मावत नाहीत हे आदल्या रात्री लक्षात येतं. सामान एकदा आधीच ठेवून बघा. पिरंगुट-पौड सोडलं की माणगाव येईपर्यंत कोणत्याच इंधनावर जोखीम घेऊ नका.

आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स मोबाइलमध्ये डिजिलॉकरवर, शिवाय छापील प्रतीही. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. खासगी गाडीसाठी वार्षिक पास ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला, तेव्हा तो ३,००० रुपयांचा होता, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. तो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. राज्याच्या टोलनाक्यांवर नेहमीसारखेच पैसे कापले जातात, म्हणून पास असला तरी शिल्लक हवीच.

८. सामान, थोडक्यात

सापुताऱ्याला रात्री कडाक्याची थंडी आणि श्रीवर्धनला दुपारी बत्तीस-तेहतीस अंश ऊन, हे एकाच सहलीत येतं. जाड रजया नेऊ नका. प्रत्येकाला एक स्वेटर, एक कानटोपी, बाकी सुती कपडे. रबरी तळाच्या चपला हव्यातच, ओल्या खडकांवर चामडी तळ घसरतात.

रोख पैसे सुटे करून न्या. धक्क्यावर आणि वाडीत नेटवर्क नसलं की यूपीआय थांबतं. नकाशे आधीच उतरवून ठेवा.

गाडी लागणाऱ्यांसाठी: निघताना पोट भरलेलं नको आणि रिकामंही नको, दोन भाकऱ्या किंवा कोरडा खाकरा बरा. तेलकट फरसाण घाट संपल्यावर उघडा. अशा माणसाला पुढच्या सीटवर बसवा, खिडकी बोटभर उघडी, मोबाइल बंद. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, घाट सुरू व्हायच्या तासभर आधी. घाट सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीतून बाहेर पडते.

९. रस्त्यावर

पहिल्या दिवशी सहाच्या आत बडोदा सोडा. भरूच आणि सुरतेची अवजड रहदारी वाढायच्या आत पुढे निघालात की चिखलीला वळून वांसद्यात निवांत चहा होतो. वघई ते सापुतारा सुमारे पन्नास किलोमीटर वळणांचा रस्ता आहे. पुढच्या मोठ्या घाटांची रंगीत तालीम म्हणून तो मुद्दाम सावकाश करा आणि खालच्या गिअरची सवय लावा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लक्षात ठेवायचं एकच ठिकाण, चाकण. नाशिक-पुणे रस्त्यावर ते संध्याकाळी लागू देऊ नका. नारायणगावचा मुक्काम त्यासाठीच आहे. सकाळची गर्दी ओसरली की साडेदहानंतर पार करा.

हिवाळा हा उसाचा हंगाम. दक्षिण गुजरातेत बारडोली-गणदेवीकडे आणि पुढे कोल्हापूर-कराडच्या पट्ट्यात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या ऊस भरून चाललेल्या असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. हिवाळी सहलीत अंधार पडल्यावर मला सगळ्यांत जास्त भीती याची वाटते, घाटाची नाही. महामार्गावर असलात तरी सातला गाडी थांबवा.

वाडीतल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी गडगे असतात, म्हणजे जांभ्याच्या कुंपणभिंती. समोरून वाहन आलं की घाईने कडेला घेऊ नका, गडग्याच्या दगडाने दरवाजा सोलून निघतो. आरसे मिटा, एकाला खाली उतरवून बाजू बघा. मागे सरकायला जागा कोणाकडे जवळ आहे, त्याने सरकायचं. भांडण नाही.

काचेवर आतून वाफ धरली तर फडक्याने पुसत बसू नका, एसी लावा, मिनिटभरात निघते.

*लिहून ठेवा: तातडीच्या मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३.*

१०. परतीचे दोन दिवस

निष्काळजीपणा इथेच होतो. नऊ दिवस नीट चालवलेली गाडी "आता सरळ घर" म्हणून सोळा तास हाकली जाते. कोल्हापूर ते नाशिक साडेचारशेच्या घरात, नाशिक ते बडोदा पावणेचारशेच्या पुढे. दोन्ही दिवस वेगळे ठेवा, चालवणारे दोघं असले तरी दर दोन तासांनी उतरा.

गुजरातेत शिरताना गाडीत दारूची बाटली असता कामा नये, सीलबंद भेट म्हणून दिलेलीसुद्धा नाही. बरोबरच्या पाहुण्यांनाही हे कोल्हापुरातच सांगा. नाक्यावर तपासणी होते आणि गुन्हा दाखल होतो.

घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून धुऊन घ्या. खाऱ्या हवेचं आणि बोटीवरच्या पाण्याचं मीठ चाकांच्या आत आणि सायलेन्सरवर बसलेलं असतं. वरून चकाचक दिसणारी आमची पहिली गाडी खालून गंजली होती, हे आम्हाला पुढच्या पावसाळ्यात कळलं. धुवायला देताना "खालचं प्रेशरने मारा" असं वेगळं सांगा, आणि पायपुसण्या काढून वाळू झाडून घ्या. तीही खारीच असते.